संतांचा देह, संतांची वस्तू आणि संतांची वाट

संतदर्शनाची ओढ ही भाविकाच्या अंतःकरणातील मोठी पवित्र गोष्ट होय, याविषयी आमच्या संप्रदायात कोणाला शंका नाही. परंतु दर्शनाला गेलेल्या माणसाने तेथून घरी नेमके काय आणावे, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. या महिन्यात त्याच प्रश्नाचा विचार आम्ही जरा दूरच्या देशातील साधूंच्या चरित्रांवरून करणार आहोत.

याचे निमित्त असे झाले. एका गावी कीर्तन आटोपल्यावर कॉलेजात शिकणारा एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "महाराज, आपल्या संतांनी प्रपंचात राहून, लोकांत मिसळून भक्ती केली. मग ख्रिस्ती लोकांत जे साधू रानात पळून गेले, त्यांच्यामागे एवढे लोक का लागले?" उत्तर आम्हाला त्या वेळी देता आले नाही. "वाचून सांगतो, बाबा," एवढेच म्हणालो. पुढे भाषांतरांच्या आधारे ती जुनी चरित्रे वाचून काढली. आमचे सारे शिक्षण पाठशाळेतले; पण संतांच्या घरी पाहुणा म्हणून जायला भाषेची अडचण पडत नाही. शिवाय ख्रिस्ती कथा मराठी कानाला अगदी परकी आहे असेही नाही. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली गोमंतकात छापले गेले, हे वाचकांना ठाऊक असेलच.

वाळवंटात गेलेला अंतोनी

इजिप्त देशात सुमारे इ. स. २५१ मध्ये अंतोनी नावाचा मुलगा एका सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरी जन्मला. वसईकडे किंवा गोव्यात ज्या संत अंतोनीचे नाव घराघरात आहे, तो बहुधा पादुआचा अंतोनी. तो १२३१ साली वारला. आमचा हा अंतोनी त्याच्या आधी नऊशे वर्षे होऊन गेला. आईबाप लवकर गेले, घरी धाकटी बहीण. एके दिवशी चर्चमध्ये वाचन चालले होते. जे आहे ते विकून गरिबांना द्यावे, असा येशूचा उपदेश त्याच्या कानी पडला आणि तो त्याने आपल्यालाच केला आहे असे धरले. जमीन गावाला देऊन टाकली, बहिणीची व्यवस्था व्रतस्थ बायकांकडे लावली आणि आपण साधनेला लागला. पुढे नाईल नदीपलीकडच्या एका ओसाड गढीत त्याने दार बंद करून सुमारे वीस वर्षे काढली.

आता पाहा. ज्याने दार बंद केले त्याच्या दाराशीच माणसे जमू लागली. अखेर त्याच्यासारखे राहू इच्छिणाऱ्यांनी दार मोडून काढले. तो बाहेर आला तेव्हा वीस वर्षांच्या कोंडीने ना सुकलेला, ना सुटलेला. मनही तसेच स्थिर. अथनेशियस हा अलेक्झांड्रियाचा बिशप. त्याने अंतोनीचे चरित्र लिहिले, त्यात हे वर्णन आहे. पुढे गर्दी वाढली तसा अंतोनी आणखी आत, तांबड्या समुद्राच्या बाजूच्या डोंगरात गेला. पण तिथेही वाट तयार झालीच. तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर आम्हाला येथे मिळाले. लोक एकांताच्या मागे लागले नव्हते. ज्याला आपल्याकडून काहीच नको, असा माणूस त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. ज्याला काही नको, त्याच्याजवळ मागायला संकोच वाटत नाही.

अंतोनी ३५६ साली, वयाच्या एकशे पाचाव्या वर्षी गेला असे अथनेशियस सांगतो. त्या काळी इजिप्तमध्ये एक चाल होती. कोणी पुण्यवान माणूस वारला की त्याचा देह कापडात गुंडाळून, न पुरता घरातच बाजेवर ठेवायचा. त्यानेच त्याचा मान होतो अशी समजूत. अंतोनीला ही चाल मुळीच मान्य नव्हती. अंतकाळी त्याने जवळच्या दोन शिष्यांना बजावले की, माझा देह जमिनीत पुरा आणि जागा तुम्हां दोघांखेरीज कोणाला कळू देऊ नका. त्यांनी तसेच केले.

मग मागे काय ठेवले? दोन मेंढीची कातडी, एक पांघरूण आणि अंगातले केसाळ वस्त्र. एक कातडे व ते पांघरूण अथनेशियसला. पांघरूण त्यानेच पूर्वी नवे कोरे दिले होते, ते वापरून जुने झालेले परत. दुसरे कातडे सेरापियन नावाच्या बिशपला. वस्त्र त्या दोघा शिष्यांना. ज्यांना ही कातडी मिळाली त्यांना ती पाहताच अंतोनीच पाहिल्यासारखे होई आणि ती पांघरली की त्याचा उपदेशच अंगावर घेतल्यासारखे वाटे, असे अथनेशियस लिहितो.

वाचकहो, येथे जरा थांबावे. देह लपविला, वस्तू दिली आणि वाट दाखविली. या तीन गोष्टी मनात वेगवेगळ्या ठेवाव्या. पुढचा सारा विचार यांवरच आहे.

देहासाठी भांडणे

अंतोनीने एवढे बजावले, तरी लोकांची ओढ देहाकडेच राहिली. गाझाजवळ जन्मलेला हिलारियन हा अंतोनीच्याच मार्गाचा. गर्दीला कंटाळून तो इजिप्त, सिसिली, दाल्मातिया असा फिरत फिरत शेवटी सायप्रस बेटावर एका दुर्गम मळ्यात येऊन राहिला. ३७१ साली तो वारला. मला ताबडतोब येथेच पुरा, अशी त्याची आज्ञा होती. हेसिकियस नावाचा त्याचा पट्टशिष्य पॅलेस्टाइनहून आला, त्याच मळ्यात राहायचे आहे असा बहाणा केला आणि सुमारे दहा महिन्यांनी गुरूचा देह चोरून काढून मायदेशी घेऊन गेला! शिष्यानेच केलेली ही चोरी. पण ती प्रेमाची चोरी म्हणून जेरोम या पंडिताने कौतुकाने सांगितली आहे.

मात्र त्याच कथेत एक बाई आहे, कॉन्स्टन्शिया नावाची. ती रात्रीच्या रात्री त्या समाधीपाशी जागत असे आणि हिलारियन समोर बसला आहे असे समजून त्याच्याशी बोलत असे. देह नेला हे ऐकताच ती जागीच गतप्राण झाली. पुढे पॅलेस्टाइनचे लोक म्हणत, देह आमच्याकडे. सायप्रसचे म्हणत, आत्मा आमच्याकडे. जेरोम म्हणतो की दोन्हीकडे चमत्कार होतात, परंतु त्या मळ्यात अधिक होतात. कदाचित ती जागा हिलारियनला अधिक प्रिय होती म्हणून. अहो, देह नेलेल्या ठिकाणापेक्षा देह नसलेल्या ठिकाणी महिमा अधिक! आमच्या वाचकांना याचे नवल वाटू नये. देहूला तुकोबारायांच्या देहाची समाधी नाही. म्हणून देहूचे काय कमी झाले?

सीरिया देशात तर कहरच होता. किर्होस गावचा बिशप थिओडोरेट याने सुमारे ४४० साली आपल्या प्रांतातील साधूंची चरित्रे तीस प्रकरणांत लिहिली. यांतील पुष्कळ साधू त्याने स्वतः पाहिलेले. मारोन नावाचा साधू वारला तेव्हा शेजारच्या गावांत देहासाठी झुंज लागली. लगतच्या एका मोठ्या गावाने सगळे मनुष्यबळ घेऊन येऊन इतरांना हुसकावले आणि देह नेऊन त्यावर मोठे स्थान बांधले. याकोब नावाचा दुसरा साधू नुसता आजारी पडला, तर जिवंतपणीच त्याचा देह पळवायला माणसे जमली! नगरवासी शस्त्रे घेऊन धावले, बाण आणि गोफणी चालल्या. साधूला पालखीत घालून शहराकडे आणताना गावकरी त्याचे केस उपटून घेत होते आणि त्याला शुद्ध नव्हती.

मार्कियन नावाच्या साधूची कथा याहून बोधप्रद आहे. तो जिवंत असतानाच निरनिराळ्या लोकांनी त्याच्यासाठी निरनिराळ्या ठिकाणी समाध्या बांधून तयार ठेविल्या. हे कळताच त्याने आपल्या सोबत्याला शपथ घातली की माझी जागा कोणाला सांगू नकोस. आणि त्या याकोबाने काय केले? तो त्या आजारातून उठला. थिओडोरेटने त्याच्यासाठी डोंगरावर कोरीव पेटी ठेवविली. याकोबाने ठिकठिकाणाहून संदेष्टे, प्रेषित व हुतात्मे यांचे अवशेष मिळवून त्याच पेटीत ठेवले. पेटी माझी म्हणून ओळखली जाऊ नये, थोरांची म्हणून ओळखली जावी. मला त्यांच्या पायाशी कोपऱ्यात जागा मिळाली तर पुरे, असा त्यातला भाव. किती नाजूक युक्ती आहे पाहा! लोकांची श्रद्धा मोडली नाही, फक्त आपल्यावरून उचलून थोरांच्या पायी ठेवली.

खांबावरचा सिमेऑन

आता या सर्वांत विख्यात जो सिमेऑन, त्याच्याकडे वळू. सुमारे ३९० साली जन्मलेला हा मेंढपाळाचा मुलगा. मठात असताना त्याने कमरेला खजुरीची दोरी इतकी आवळून बांधली की मांसात रुतून जखम झाली. वडील साधूंनी ती सोडविली आणि इतरांनी अनुकरण करून जीव धोक्यात घालू नये म्हणून त्याला मठ सोडायला लावला. नंतर अंतिओक शहराच्या पूर्वेस, तेलानिसोस गावाजवळच्या टेकडीवर तो राहिला. अंतिओक म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील अंताक्या.

लोक इतके येऊ लागले की नदीला पूर यावा. थिओडोरेट त्यांची नावे सांगतो: अरब, इराणी, आर्मेनियन, येमेनकडचे लोक, एवढेच नव्हे तर पश्चिमेकडून स्पेन, ब्रिटन आणि गॉल देशचेही. प्रत्येकाला त्याच्या अंगाला हात लावायचा, कातड्याच्या वस्त्राचा कण तोडून न्यायचा. हा त्रास टाळण्यासाठी तो खांबावर चढला, असे थिओडोरेट म्हणतो. आधी ६ हात, मग १२, मग २२ आणि थिओडोरेट लिहितो त्या वेळी ३६ हात उंच. माथ्यावर उघड्यावर, ऊनपावसात, उभा. एकदा सोबतचा माणूस त्याचे नमस्कार मोजू लागला. तो इतका वाकायचा की कपाळ पायांच्या बोटांजवळ जायचे. मोजणाऱ्याने १२४४ पर्यंत मोजले आणि मग दमून सोडून दिले. मोजणारा थकला, वाकणारा थकला नाही.

आमच्या मनात येथे एक विचार येतो. आमच्याकडे देव भक्तासाठी विटेवर उभा राहिला. तिकडे भक्त देवासाठी खांबावर उभा राहिला. उभे राहणे दोन्हीकडे एकच: दुसऱ्याची वाट पाहण्याचे.

पण तो वर चढला म्हणून लोकांपासून सुटला का? छे! दिवसातून दोनदा तो उपदेश करी. तिसऱ्या प्रहरानंतर गाऱ्हाणी ऐके, तंटे सोडवी. गावकऱ्यांनी व्याज महिना शेकडा अर्ध्यावर आणावे, असाही त्याचा उपदेश सीरियाई भाषेतील जुन्या कागदांत आढळतो. येथे आमच्या वाचकांना इंद्रायणीत बुडविलेली खते आठवतील. तात्पर्य, हात लावायला तो सापडत नसे, पण ऐकायला आणि न्याय द्यायला सापडे. लोकांना त्याने आपले अंग नाकारले, वेळ नाकारला नाही.

कोणी म्हणेल, हा अहंकाराचाच प्रकार नव्हे कशावरून? ही शंका त्या काळीही निघाली होती. एव्हाग्रियस नावाचा इतिहासकार सांगतो की अरण्यातील वृद्ध साधूंनी त्याच्याकडे निरोप्या पाठविला: ही नवी रीत सोड आणि खाली ये. निरोप्याला आतून सांगून ठेवले होते की, तो खाली उतरू लागला तर त्याला तिथेच राहू द्या; अडून बसला तर ओढून उतरवा. निरोप ऐकताच सिमेऑनने एक पाय खाली टाकला. झाली परीक्षा! उंची खांबाची नव्हती. उतरण्याच्या तयारीची होती.

एक न्यूनही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्याच्या आवारात स्त्रियांना प्रवेश नव्हता. मूल व्हावे म्हणून नवस बोलणाऱ्या एका अरब राणीला आपली माणसे पाठवावी लागली आणि पुढे मूल झाल्यावर आशीर्वादासाठी तान्ह्यालाच तेवढे आत धाडावे लागले. थिओडोरेटच्या ग्रंथात मराना आणि कीरा या दोघींसारख्या थोर साध्वी आहेत, हे खरे. तरीही त्या दाराबाहेर उभ्या राहिलेल्या आयाबहिणींचे आम्हाला वाईट वाटते. डोक्यावर तुळस घेऊन दिंडीत चालणाऱ्या माउलींकडे पाहिले म्हणजे आपल्याला काय मिळाले आहे ते कळते.

पूर्वपक्ष आणि उत्तर

आता पूर्वपक्ष मांडू. सुमारे ४०६ साली गॉलकडच्या विजिलान्शियस नावाच्या धर्मोपदेशकाने विचारले की, मेलेल्यांची धूळ फडक्यात बांधून तिचे मुके कसले घेता? भर दिवसा समोर दिवे कसले लावता? जेरोमने त्याला कडक उत्तर दिले. त्याचा आशय असा की आम्ही अवशेषांची पूजा करीत नाही. सेवकाला मान देतो तो धन्यासाठी. उत्तर बरोबर आहे. पण प्रश्नही फुकट नाही, असे आम्हाला वाटते. कारण सेवकाचा मान धन्यापर्यंत पोचला की वाटेतच अडकला, हे मान देणाऱ्याच्या वागण्यावरूनच ठरते.

वस्तूचा मोह कसा अडकवितो ते थिओडोरेटनेच आपल्या घरच्या गोष्टीत सांगितले आहे. तो लहान असताना आई त्याला आठवड्यातून एकदा पीटर नावाच्या साधूकडे आशीर्वादाला पाठवी. याच साधूने पूर्वी तिचा डोळ्यांचा विकार बरा केला होता आणि नटणेमुरडणे सोडायला सांगितले होते. एकदा पीटरने आपला तागाचा कमरपट्टा मधोमध कापून अर्धा या मुलाच्या कमरेला बांधला. पुढे घरात कोणी आजारी पडले की आई तो पट्टा वापरी. शेजारीपाजारीही मागून नेत. शेवटी एकाने नेला तो परत केलाच नाही! साधूची प्रसादवस्तू, आणि तिच्यासाठी शेजाऱ्याशी लबाडी. पट्टा गेला. पण नटणे सोड हा जो शब्द त्या बाईला मिळाला होता, तो कोणाला चोरता आला नाही.

सिमेऑन ४५९ साली वारला. तेव्हा सैन्याच्या पहाऱ्यात त्याचा देह अंतिओकला नेला. सम्राट लिओ याने तो मागितला, तेव्हा नगरवासी म्हणाले की आमचा तट भूकंपात पडला आहे, हा देहच आमचा तट. पाचव्या शतकाच्या अखेरीस त्या खांबाभोवती क्रूसाच्या आकारात चार मोठी मंदिरे बांधली गेली. आता त्यांचे भग्नावशेष आहेत. २०११ साली ते जागतिक वारशात नोंदले गेले आणि सीरियातील यादवीत २०१६ साली त्यांची हानीही झाली. आणि खांब? शतकानुशतके यात्रेकरू त्याचे कपचे काढून नेत राहिले. छत्तीस हातांच्या जागी पुरुषभर उंचीचा एक ओबडधोबड धोंडा उरला. अंतोनीचीही गत तीच. ज्याने जागा लपविली त्याचा देह ५६१ साली सापडला असे मानून अलेक्झांड्रियाला नेण्यात आला.

आपल्यापुरता विचार

हे वाचून त्या लोकांना हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. थिओडोरेट एकदा सिमेऑनजवळ असता सिमेऑनने अरबांना सांगितले, या बिशपाचा आशीर्वाद घ्या. मग काय! कोणी पुढून ओढतो, कोणी मागून, कोणी दाढी धरतो. सिमेऑन वरून ओरडला नसता तर बिचारा गुदमरूनच जाता. कीर्तन संपल्यावर मंडपात जी झुंबड उडते ती आठवून आम्हाला हे वाचताना हसू आले, आणि लगेच लाजही वाटली.

लाज का वाटली तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सप्ताहात कीर्तनानंतर लोक पाया पडत होते. एक म्हातारा वारकरी खांबाला टेकून बसून होता, तो काही उठला नाही. आमच्या मनात आले, याने नमस्कार केला नाही! शंभरांनी केला त्याचे समाधान नाही. एकाने केला नाही त्याची बोच. पहाटे काकड्याला उठलो तो हाच म्हातारा वाकून मंडपातल्या रात्रीच्या पत्रावळी उचलीत होता. आम्ही त्याच्या पायांवर डोके ठेवले. तो गडबडला, "अहो महाराज, हे काय!" म्हणत आमच्याही पायांवर वाकला. वारकऱ्यांत एकमेकांच्या पाया पडण्याची जी रीत आहे, तिचा अर्थ आम्हाला तोवर पाठ होता. कळला त्या पहाटे. ज्याच्या पाया पडायचे तोही वाकतो, म्हणजे नमस्कार कोणापाशीच अडकून राहत नाही, पांडुरंगाकडे जातो. याकोबाने पेटीत थोरांचे अवशेष ठेवले त्यातही हेच होते.

म्हणून तात्पर्य एवढेच. संतांचा देह वंद्य आहे. समाधीपुढे डोके टेकावेच. संतांची वस्तू वंद्य आहे. पण ती कशाची खूण आहे ते विसरू नये. आमच्या पालखीत संतांच्या पादुका असतात. पादुका हे चालणाऱ्याचे साधन. त्यांच्यामागे चालत गेल्यावाचून त्यांचे दर्शन पुरे होत नाही, हे थोरांनी किती विचाराने ठरविले असेल! अंतोनीचे कातडे ज्यांनी पांघरले, त्यांना तेच सांगायचे होते. खांबाचा कपचा घरी नेणाऱ्याला दगड मिळाला. तंटा मिटवून, व्याज कमी करून घरी गेलेल्याला सिमेऑन मिळाला.

यंदा आळंदीहून वा पंढरीहून परतताना प्रत्येकाने माळ, बुक्का, प्रसाद अवश्य आणावा. त्याबरोबर एक भांडण सोडून यावे, एक खोटे बोलणे टाकून यावे, निदान एका शेजाऱ्याचा नेलेला पट्टा परत करावा. त्या कॉलेजातल्या मुलाची पुन्हा गाठ पडली तर आम्ही त्याला हेच सांगू. आणि पाया पडू लागला तर आधी आपणच वाकू.

रामकृष्णहरी.